साडेसहा नंबरचा पत्ता

भोपाळमध्ये पत्ता विचारला की आकडा ऐकू येतो. पाच नंबर, सहा नंबर, साडेसहा नंबर, दहा नंबर. हे बस स्टॉपचे क्रमांक. बाहेरगावचा माणूस 'साडेसहा नंबर' ऐकून थबकतो, इथला रिक्षावाला थबकत नाही. टीटी नगरचंही तसंच. टीटी म्हणजे तात्या टोपे. येवल्यात जन्मलेल्या त्या सेनानीचं नाव या शहराने आपल्या ऐन मध्यवस्तीला दिलं, पण बोलताना कुणी 'तात्या टोपे नगर' म्हणत नाही. एमपी नगर म्हणजे महाराणा प्रताप नगर, हे तर नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. पाटीवर एक नाव असतं आणि तोंडात दुसरं. माझा धंदा या दोन नावांच्या मधल्या जागेत चालतो.

मी एसईओचं काम करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायचं तर असं सांगतो: कुणीतरी फोनवर काहीतरी शोधतं, त्याला हवी असलेली गोष्ट माझ्या गिऱ्हाइकाकडे खरोखर असेल, तर ते पान त्याच्यासमोर यावं. गूगलचा क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जातो आणि वाचत राहतो. वाचलेलं इंडेक्समध्ये नोंदवलं जातं, जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसं. कुणी काही शोधलं की त्या सूचीतून पानं निघतात आणि त्यांचा क्रम लागतो. नवखी माणसं थेट क्रमाबद्दल विचारतात, 'आमचं पहिल्या नंबरवर कधी येणार?' पण आधीच्या दोन पायऱ्यांवरच किती पानं अडकून पडतात, ते मी रोज बघतो.

एका कोचिंग क्लासची नवी वेबसाइट दोन महिने झाले तरी गूगलवर दिसत नव्हती. मालक हवालदिल झाले होते. मी कोड उघडला तर वरच्या भागात एक ओळ होती, 'नोइंडेक्स'. साइट बनत असताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून ही ओळ घालतात, आणि काम संपल्यावर काढायची असते. ती काढायची राहून गेली होती. दुकानाचं उद्घाटन झालं आणि शटर खालीच राहिलं. म्हणून नवशिक्यांना मी पहिली सवय हीच लावतो: गूगलच्या पेटीत इंग्रजी अक्षरांत 'site', त्याला जोडून कोलन आणि मग आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहा, मध्ये जागा सोडू नका. एकही पान आलं नाही तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याचं कारण शोधा.

त्यानंतर शब्द. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण या कामातला सगळ्यात मोठा वाटा शब्दांचा आहे असं मी मानतो.

अरेरा कॉलनीत माझ्या शेजारी एक काकू पुरणपोळ्या करून देतात. सणावाराला मराठी घरांतून मागणी असायचीच, पण मुलांचं शिक्षण संपलं, घरात वेळ उरला, तेव्हा त्यांनी काम वाढवायचं ठरवलं. त्यांच्या कार्डावर छापलं होतं, 'अस्सल महाराष्ट्रीय सात्त्विक पाककृती'. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात हेच हवं, असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, ''काकू, आधी आठवडाभर फोनवर लोक तुमच्याकडे काय शब्दांत मागतात, ते लिहून ठेवा.'' त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नीट लिहून ठेवलं. त्यात 'पाककृती' नव्हती, 'सात्त्विक' नव्हतं. 'पूरन पोली' होतं, 'टिफिन' होतं, 'मराठी खाना' होतं, 'होली वाली मीठी रोटी' होतं. आणि एका बाईंनी नाव आठवेना म्हणून म्हटलं होतं, 'वो चने की दाल भरी मीठी रोटी'. काकूंना ते लागलं. ''पोळीला रोटी म्हणतात रे, आणि मी तेच छापू?''

त्यांचं दुखणं मला कळत होतं. परमुलखात आपल्या पदार्थाचं नाव नीट उच्चारलं जावं, हा हट्ट साधा नसतो. पण ज्या बाईंना नाव माहीत नाही, त्यांनाही पुरणपोळी हवीच आहे. त्यांच्या शब्दांतून त्यांना आत येऊ दिलं तर आमचा शब्द त्या इथून शिकून जातील. म्हणून आम्ही पान असं केलं: शीर्षकात आधी 'पुरणपोळी', लगेच 'पूरन पोली', मग 'घरपोच' आणि 'अरेरा कॉलनी, भोपाळ'. आत हिंदीत एक साधा परिच्छेद, की हरभऱ्याची डाळ आणि गूळ शिजवून, वाटून, कणकेच्या उंड्यात भरून लाटलेली ही गोड पोळी. मराठीत तिला पुरणपोळी म्हणतात. त्याखाली लोक विचारतात ते प्रश्न: किती तास आधी सांगायचं, गुळाची की साखरेची, वेलची की जायफळ, तूप सोबत मिळतं का, दुसऱ्या दिवशी कशी गरम करायची. कटाच्या आमटीचाही एक परिच्छेद काकूंनी स्वतः लिहून दिला. तो मी तसाच ठेवला. त्यातली एकही ओळ मला सुचली नसती.

पानाचं शीर्षक हा मजकुरातला सगळ्यात मोलाचा तुकडा. शोधणाऱ्याला निळ्या अक्षरांत आधी तेच दिसतं. लांबलं तर शेवट कापला जातो, आणि तो अक्षरं मोजून कापत नाहीत, पडद्यावरच्या रुंदीवर कापतात. म्हणून मी मोजत बसत नाही, फोनवर बघतो. महत्त्वाचा शब्द आधी यायला हवा. 'मेटा कीवर्ड' नावाचा रकाना मात्र भरत बसू नका. क्रम लावताना तो विचारात घेत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. तरी आजही तो शब्दांनी खच्चून भरलेला मला दिसतो.

आता आमचा ळ. मराठीत भोपाळ, हिंदीत भोपाल. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच, संगणकाला ळ आणि ल ही दोन स्वतंत्र अक्षरं. सर्च इंजिन अशा जोड्या आता बऱ्याच ओळखतं, पण छोट्या पानाने त्या मेहेरबानीवर विसंबू नये. दोन्ही रूपं ओघात एकदा एकदा आली की पुरे. पानाच्या पत्त्यात मात्र मी देवनागरी घालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि पत्ता कॉपी करून पाठवला की त्या एका चिन्हाची टक्क्यांची खूण, अक्षरं आणि आकडे मिळून नऊ चिन्हं होतात. 'भोपाळ'मध्ये भ, ओकार, प, काना, ळ अशी पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस. व्हॉट्सॲपवर असा लांबलचक पत्ता आला की लोकांना तो फसवणुकीचा वाटतो.

फॉन्टची गोष्ट याहून जिव्हारी लागते. आमच्याकडे कचेऱ्यांत कृतिदेव चालला, मराठी छपाईत श्रीलिपी. दोन्हींत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि खुणा. माणूस 'गणपती' वाचतो, क्रॉलरला निरर्थक अक्षरांची रास मिळते. एका मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिका वेबसाइटवर चढवल्या होत्या, काही अशा फॉन्टमध्ये, काही नुसते फोटो. इथे आलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणी, नाटकांच्या तालमी, गणेशोत्सवाचे जमाखर्च, सगळं त्यात. गूगलपुरतं बघायचं तर त्यातलं काहीच अस्तित्वात नव्हतं. मी एक लेख युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करून ठेवला. काही आठवड्यांनी पुण्याहून एकांचं पत्र आलं. त्या लेखात त्यांच्या आजोबांचं नाव होतं. ते त्यांनी शोधलं होतं आणि सापडलं होतं. इतक्या वर्षांच्या कामात इतका आनंद मला क्वचित झाला.

नावं बदलतात तेव्हा वेगळा पेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये हबीबगंज स्टेशनचं नाव रानी कमलापती झालं, एचबीजे हा कोड जाऊन आरकेएमपी आला. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या मालकांनी विचारलं, जुनं नाव सगळीकडून पुसू का? मी म्हटलं, पुसू नका. नवं नाव ठळक लिहा, शेजारी 'पूर्वीचं हबीबगंज' लिहा. रात्रीच्या गाडीने उतरणारा प्रवासी आठवेल तेच नाव टाइप करणार. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. तिथल्या व्यावसायिकांनाही मी हेच सांगेन. आणि वेबसाइटवर पानाचा पत्ताच बदलायचा झाला तर जुन्या पत्त्यावर ३०१ लावा. 'मुक्काम कायमचा हलवला आहे, इकडे या' असा तो निरोप. तो न लावता जुनं पान उडवलं, तर त्याने वर्षानुवर्षं कमावलेली पत त्याच्याबरोबर जाते.

सगळेच शब्द वापरायचे नसतात. जगातल्या पुष्कळ लोकांनी या शहराचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीमुळे. डिसेंबर जवळ आला की 'भोपाळ' शोधणारे वाढतात. एका व्यावसायिकाने मला सुचवलं होतं की वायूकांडाबद्दल एखादं पान टाकू, गर्दी येईल, खाली खोल्यांचे दर देऊ. मी ते काम घेतलं नाही. त्या रात्रीबद्दल शोधणारा माणूस खोली शोधत नसतो. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून निघालेल्या वायूने ज्यांच्या घरातली माणसं नेली, ती कुटुंबं या शहरात माझ्या आसपास राहतात. शोधणाऱ्याचा हेतू ओळखणं हा या कामाचा पाया आहे असं आम्ही म्हणतो, तर तो इथेही पाळायला हवा.

मीही चुकलो आहे. गूगलचं मूळ ज्या कल्पनेत आहे ती सुंदर आहे: लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना दुसऱ्या पानांवरून येणाऱ्या लिंक शिफारशीसारख्या मोजायचं ठरवलं. चांगल्या वैद्याचं नाव चार जाणत्या माणसांनी सांगावं, तसं. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा शिफारशी विकत घेतल्या. शेकड्याने मिळायच्या, कुठल्याही भलत्याच साइटवरून. गिऱ्हाइकाची साइट वर गेली, मीही खूश. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा बनावट लिंकवर उभी असलेली पानं कोसळली. त्यात ती साइटही होती. साइटचे मालक मला एक वावगा शब्द बोलले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, ''आता फोन का येत नाहीत?'' लिंक काढून टाकण्याच्या विनंत्या पाठवण्यात माझे पुढचे कित्येक महिने गेले. तेव्हापासून मी लिंक विकत घेत नाही, कुणाला घेऊ देत नाही. काकूंच्या पानाला पहिली लिंक मिळाली ती एका ओळखीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पानावरून, कारण पोळ्या त्यांनीच पुरवल्या होत्या.

छोट्या दुकानदाराने नकाशावरची नोंद आधी करावी. जवळपासचं शोधताना गूगल तीन गोष्टी बघतं, हे त्यांनीच सांगितलं आहे: शोधाशी जुळतं का, किती अंतरावर आहे, आणि किती नावाजलेलं आहे. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा हवा. पत्त्यात कागदोपत्री नाव लिहाच, पण सोबत 'दहा नंबर मार्केटजवळ' हेही लिहा. आणि पान हलकं ठेवा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे, आणि काकूंनी दिलेला पहिला फोटो एकटाच ते मोडत होता. आकार कमी केला, फोटोच्या वर्णनात 'तव्यावरची पुरणपोळी' असं लिहिलं, काम झालं.

हल्ली लोक विचारतात, उत्तर आता गूगलवर वरच तयार मिळतं, मग हे कशाला शिकायचं? ते तयार उत्तरही कुणाच्या तरी पानावरूनच घेतलेलं असतं. काकूंच्या आमटीबद्दल काकूंनीच लिहायला हवं, ही गरज काही संपलेली नाही.

तुमचं दुकान असेल, शिकवणी असेल, घरगुती व्यवसाय असेल, तर कुणाला पैसे देण्याआधी एक करा. वही घ्या आणि पुढच्या दहा गिऱ्हाइकांना विचारा, 'आम्हाला शोधायचं झालं तर फोनवर काय लिहाल?' ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. त्यांच्यासमोर शुद्धलेखन दुरुस्त करू नका.