फॅन बेल्ट

कोपरीतल्या आमच्या सोसायटीत आमची मारुती एटहंड्रेड सगळे आवाजावरून ओळखतात. पावसाळी सकाळी चावी फिरवली की आधी इंजिन खोकतं आणि मग बॉनेटखालून एक लांबलचक किंकाळी निघते. अर्धा मिनिट, कधी पूर्ण मिनिट. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा म्हणाल्या, “तुमच्या गाडीमुळे आम्हाला अलार्म लावावा लागत नाही हो.” त्या हसत होत्या, पण मला ते लागलं.

गाडी २००६ची. बाबांनी घेतलेली पहिली आणि शेवटची. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०२१मध्ये, रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं होतं. ती मुदतही संपत आली होती. पुन्हा वाढवायचं की गाडी भंगारात द्यायची, हा आमच्या घरात कोणीच न काढणारा विषय. कारण बाबा दोन वर्षांपासून गाडी चालवत नाहीत. पार्किन्सन्समुळे त्यांचा उजवा हात थरथरतो.

बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत तिथे उभी राहिली. आयटीआय करून बाबा तिथल्या एका कारखान्यात लागले, ते तो बंद पडेपर्यंत तिथेच. माझं ऑफिसही आज वागळे इस्टेटमध्येच आहे. शेड जाऊन काचेच्या इमारती आल्यात आणि त्यातल्या एकीच्या सातव्या मजल्यावर मी सर्व्हर सांभाळतो. लहानपणी बाबा बॉनेट उघडून वाकले की मी जवळ जाऊन उभा राहायचो. ते म्हणायचे, “हात काळे नको करूस. अभ्यासाला बस.” मी बसलो. मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि कॅम्पसमधूनच सॉफ्टवेअरमध्ये गेलो. हात पांढरेच राहिले.

आवाजाचं काय करायचं, हे आधी एका गॅरेजात विचारलं. “पट्ट्याला थोडा साबण घासा,” तो म्हणाला. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते भडकलेच. “साबणाने आवाज जातो. पट्टा कुठे सुधारतो?” आमच्या ऑफिसात याला अलर्ट म्यूट करणं म्हणतात. मीही केलंय ते, रात्री दोन वाजता. त्यामुळे गप्प बसलो. मग बाबा म्हणाले, “नवीन आण. तूच बदल. मी बसतो बाजूला.”

व्ही-बेल्टचं गणित मी इंजिनिअरिंगला पाठ केलं होतं. पट्टा पाचरीसारखा असतो, पुलीच्या खाचेत तो दोन्ही कुशींनी रुतून बसतो. खाचेचा कोन साधारण ३८ अंश धरला, तर तेवढ्याच ताणावर सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट पकड मिळते. परीक्षेत हे सिद्ध करून दाखवल्याचे मार्क मिळाले होते. खरा पट्टा मात्र कधी हातात घेतला नव्हता.

नावाचीही गंमत आहे. याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, पण आमच्या गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. जुन्या गाड्यांमध्ये हाच पट्टा पंखा फिरवायचा, ते नाव चिकटून राहिलं. आमच्याकडे तो वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. म्हणजे तुटला तर बॅटरी चार्ज होत नाहीच, वर इंजिनातलं पाणीही फिरायचं थांबतं. मग थोड्याच अंतरात इंजिन तापतं. किंकाळी सकाळीच का, तेही तेव्हा कळलं. स्टार्टरने बॅटरी ओढलेली असते, वर वायपर आणि हेडलाइट चालू. अल्टरनेटरवर भार पडतो, तो फिरायला जड होतो आणि पट्टा घसरतो, धरतो, पुन्हा घसरतो. सारंगीची तारही गजाखाली अशीच वाजते.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना सुरुवात केली. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत. चावी त्यांच्या खिशात, कारण त्यांचा नियमच तसा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. अल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही करंट असतो, पाना लागून ठिणगी उडायला नको. मग अल्टरनेटरचे दोन बोल्ट ढिले केले. वरचा लांबट खाचेत, समोर दिसणारा. खालचा ज्यावर अल्टरनेटर झुलतो तो; तो दिसत नाही, हाताने चाचपून शोधावा लागतो. पाना दोनदा सटकला, बोटाची साल निघाली. बाबा फक्त म्हणाले, “पाना पूर्ण बसव. मग जोर लाव.” बाजूला एक झाकण होतं. “त्याच्या आत टायमिंगचा. त्याला हात नाही लावायचा.”

अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला तसा जुना पट्टा सुटून हातात आला. कुशी काचेसारख्या चकचकीत, आतल्या बाजूला बारीक भेगा. बाबांनी पुलीच्या खाचेत बॅटरी मारायला लावली. तळ चमकत असेल तर पट्टा झिजून तळाला टेकत होता. मग पाचर बसत नाही, कितीही ताणला तरी घसरणारच. तळ चमकतच होता. तिप्पट पकडीचं माझं गणित तिथे संपलेलं दिसत होतं.

नवा पट्टा चढवला, टॉमी घालून अल्टरनेटर बाहेर ओढला आणि तारेसारखा ताणून दोन्ही बोल्ट आवळले. टर्मिनल लावलं, चावी फिरवली. आवाज नाही. मी विजयी चेहऱ्याने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान तिरकी केली होती. “बंद कर.”

“का? गेला की आवाज.”

“दुसरा आलाय.” मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा गाडी सुरू करायला लावली, तेव्हा अगदी खालच्या पट्टीतली घरघर कळली. “सैल पट्टा ओरडून सांगतो. जास्त ताणलेला सांगत नाही, बेअरिंग खातो.”

गाडी बंद केली, बोल्ट पुन्हा ढिले केले. किती ताणायचा, हे मी फोनवर शोधायला लागलो तेव्हा बाबा उठले. दोन पुल्यांच्या मधोमध पट्ट्यावर माझा अंगठा ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला आणि दाबला. पट्टा सेंटीमीटरभर खाली गेला. “एवढा.” दाबताना त्यांचा हात थरथरत नव्हता. विश्रांतीत असलेला हात जास्त थरथरतो, काम करताना कमी, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते नुसतं ऐकलं होतं. अंगठा काढल्यावर हात पुन्हा सुरू झाला आणि त्यांनी तो खिशात घातला.

तो ‘एवढा’ लक्षात ठेवून मी बोल्ट आवळले. दहा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून पुन्हा दाबून पाहिलं, कारण नवा पट्टा थोडा सैलावतो. आठवड्याने परत पाहायचं ठरलं. जुना पट्टा टाकायला निघालो तर म्हणाले, “डिकीत ठेव. रस्त्यात घरी येण्यापुरता चालतो.”

सोमवारी पाऊस होता. मी चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं, एवढंच. वर गॅलरीत बाबा उभे होते. संध्याकाळी घरी आलो, साबणाने तीनदा हात धुऊनही नखांत काळं उरलं होतं. बाबांनी ते पाहिलं. अभ्यासाला बस म्हणाले नाहीत.

“पासिंगला कधी न्यायची गाडी?” त्यांनी विचारलं.

मी फोन काढला आणि तारीख बघायला लागलो.