आडवी बेरीज

मंडळी, या वीकेंडचा विषय ऐकून निम्मे लोक खिडकी बंद करतील याची मला पूर्ण कल्पना आहे. विषय आहे डेटा एंट्री फॉर्ममधली बेरीज. म्हणजे तळाशी येणारी सगळ्या रेकॉर्डची ग्रँड टोटल नव्हे, तर एकेका रेकॉर्डची, त्या ओळीची स्वतःची बेरीज. हिशोब लिहिणाऱ्या जुन्या लोकांकडे यासाठी दोन छान सुटसुटीत शब्द आहेत: आडवी बेरीज आणि उभी बेरीज. आपण उगाच 'रो टोटल' आणि 'कॉलम टोटल' म्हणत बसतो.

फॉर्म बनवायला शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात इथेच अडखळतो. अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्म केला, टोटलच्या चौकोनात 'सम' लिहिलं, आणि कुठलंही रेकॉर्ड उघडलं तरी तोच एक भला मोठा आकडा! साहजिकच आहे, कारण 'सम' ही उभी बेरीज आहे. ती सगळ्या ओळी पिऊन टाकते. आडव्या बेरजेला साधं अधिकचं चिन्ह लागतं. मग पोरगं अधिकचं चिन्ह टाकतं, तर काही रेकॉर्डवर बेरजेचा चौकोन चक्क रिकामा. कारण त्या ओळीतलं एखादं फील्ड कुणी भरलेलंच नसतं, आणि डेटाबेसच्या दृष्टीने रिकामं म्हणजे शून्य नव्हे. रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. पाच अधिक माहीत नाही किती? माहीत नाही. तर्क एकदम बरोबर आहे, पण क्लायंटला समजावून दाखवा! शेवटी प्रत्येक फील्डभोवती 'एनझेड' गुंडाळायचं, म्हणजे रिकाम्याचं शून्य होतं. गंमत म्हणजे 'सम' रिकाम्या जागा मुकाट्याने सोडून देतं आणि अधिकचं चिन्ह मात्र हटून बसतं. त्यामुळे एकाच टेबलाची आडवी आणि उभी बेरीज जुळत नाही असाही प्रसंग येतो.

पुढचा प्रश्न, ही बेरीज साठवायची की नाही? फॉक्सप्रोच्या काळात लोक रात्री दुकान बंद करताना एक 'रिप्लेस ऑल' मारायचे. सगळ्या ओळींत वजन गुणिले दर करून रक्कम भरून टाकायची. सकाळी कुणी वजन दुरुस्त केलं की रक्कम मात्र कालचीच. म्हणून आपल्याला कॉलेजात घोकून घेतलं जातं, की जे काढता येतं ते साठवू नका. पुढे ही गोष्ट डेटाबेसनेच अंगावर घेतली. अ‍ॅक्सेस २०१० मध्ये टेबलातच हिशोबी फील्ड आलं, मायएसक्यूएलमध्ये २०१५ साली, पोस्टग्रेसमध्ये २०१९ साली. वजन बदललं की रक्कम आपोआप बदलते. प्रश्न मिटला.

मोंढ्यापुरता तरी मिटला. मी परभणी जिल्ह्यातला. ('बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ऐकवायची असेल तर थांबा, मी कॉलेजची चार वर्षं ऐकली आहे.) आमच्याकडे सोयाबीन, तूर, कापूस विकला की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. समजा १२ क्विंटल ४५ किलो सोयाबीन, दर ४,३५० रुपये. १२.४५ गुणिले ४,३५०, झाले ५४,१५७ रुपये ५० पैसे. त्यातून हमाली, तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. यातला एकच आकडा मापलेला आहे, वजन. दर बोलीत ठरलेला. बाकी सगळं त्यांच्यातून निघतं. इथे रक्कम हाताने टाइप करू देणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. फॉर्मने ती स्वतः काढावी, चौकोन करडा करावा आणि कुणालाही हात लावू देऊ नये.

आता जमिनीकडे या. इथे मजा आहे.

आमच्याकडे बोलण्यात अजून एकर आणि गुंठेच चालतात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शंभरचा नव्हे, चाळीसचा! आणि लिहिताना मात्र सगळे मधे टिंब देतात. २ एकर ३५ गुंठे म्हणजे २.३५. अडीच एकर म्हणजे २.२०. आता तीन भाऊ, प्रत्येकी ३५ गुंठे. कुणीतरी हौसेने एक्सेलमध्ये ०.३५ तीनदा लिहून बेरीज मारतो. उत्तर १.०५. तो वाचतो, 'एक एकर पाच गुंठे'. खरं उत्तर १०५ गुंठे, म्हणजे २ एकर २५ गुंठे. दीड एकर जमीन टिंबात बुडाली. आणि एक्सेलची काही चूक नाही बरं का, त्याला कुणी सांगितलंच नाही की हे टिंब दशांशाचं नाही. यावर उपाय एकच: एकर आणि गुंठे यांचे दोन वेगळे चौकोन, आत सगळं गुंठ्यांत साठवायचं, दाखवताना चाळीसने भागायचं. एका चौकोनात टिंब देऊन क्षेत्र भरायला लावणारा फॉर्म दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

सरकारी कागदावर हेक्टर-आर आहे, ते या बाबतीत सरळ. १०० आर म्हणजे एक हेक्टर, १०० चौरस मीटर म्हणजे एक आर. तिथलं टिंब दशांशासारखंच वागतं. पण सातबाऱ्यावरच्या बेरजेचा स्वभाव मोंढ्यातल्या पट्टीपेक्षा मुळातून वेगळा आहे, आणि हे मला कॉलेजात नाही कळलं, काकूमुळे कळलं.

२०१७ ची गोष्ट. खरिपाच्या तोंडावर काकूचा फोन. माझे धाकटे काका गेल्यावर त्यांच्या हिश्श्याला काकूचं नाव लागलेलं. ती पीककर्जासाठी सोसायटीत गेली तर तिला सांगितलं, तुमच्या नावावर अठराच आर आहेत, तेवढ्याचंच मिळेल. पीककर्ज क्षेत्रावर मिळतं, विमासुद्धा कागदावरच्या क्षेत्राचाच निघतो. काकू फोनवर म्हणाली, "आरे, माह्या नावावर अठराच आर कशी काय? वाटण्या तर सारख्या झाल्यात्या ना रे?"

झाल्या होत्या. आजोबांचे आठ एकर, चार भाग, प्रत्येकी दोन एकर. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. मी ऑफिसात बसून ऑनलाइन सातबारा उघडला. गटाचं एकूण क्षेत्र ३.२४. खाली चार नावं: ०.८१, ०.८१, ०.१८, ०.८१. तुमच्यातल्या कुणीही डेटा एंट्री केली असेल तर एका नजरेत ओळखाल. हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून टाइप करताना आठ आणि एकाची अदलाबदल. ज्याने ते टाइप केलं त्याच्यावर मी रागावलो नाही. गावोगावची जीर्ण पानं, कुणाकुणाचं अक्षर, आणि डोक्यावर मुदत. माझी बोटंही आठाच्या जागी एक टाकतील.

पण मी त्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसलो. चार नावांची बेरीज २.६१ येत होती आणि वर छापलेलं होतं ३.२४. फरक ६३ आर, म्हणजे दीड एकराहून जास्त. समजा हा फॉर्म मी बनवला असता, आणि 'जे काढता येतं ते साठवू नका' हे घोकलेलं वापरून एकूण क्षेत्र खातेदारांच्या बेरजेतून आपोआप काढलं असतं तर? वर छापलं असतं २.६१. सगळं जुळलं असतं. ६३ आर जमीन कुणी न विकता, कुणी न घेता नाहीशी झाली असती आणि कागदावर कुठेही ओरखडा दिसला नसता.

कारण ३.२४ हा आकडा चार नावांमधून निघालेला नाहीच. तो मोजणीतून आला. कुणीतरी शेतात साखळी टाकली, बांध मोजले, तिथून. आणि नावांसमोरचे आकडे वारसा, वाटणी, खरेदीखत यांतून आले. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे बघणं म्हणजे बेरीज नव्हे, ते ताळा करणं. शाळेत गुणाकार झाल्यावर नऊ टाकून ताळा करायला लावायचे, तोच. ताळ्याचा एक आकडा दुसऱ्यातून काढला तर ताळा नेहमीच जुळणार, आणि त्याला काही अर्थ उरणार नाही.

आणखी बारकावा असा, की त्याच सातबाऱ्यावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला. तेव्हापासून लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब वेगळं दाखवून त्यांची बेरीज एकूण क्षेत्र म्हणून खाली येते. ही आडवी बेरीज, खुशाल फॉर्मने काढावी. पण तेच एकूण क्षेत्र खातेदारांच्या यादीसमोर उभं राहिलं की ते ताळ्याचा आकडा होतं. त्याला हात लावायचा नाही.

ई-फेरफारच्या कामात हे नीट ओळखलेलं होतं असं माझं मत आहे. एकूण क्षेत्र आणि नावांवरच्या क्षेत्राची बेरीज यांचा मेळ न बसणाऱ्या गटांची यादीच त्यात निघायची आणि तलाठ्यांना एकेक गट तपासावा लागायचा. (२०२४ पासून तलाठ्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय. बोलताना सगळे तलाठीच म्हणतात.) मेळ बसेपर्यंत सेव्हच होऊ द्यायचं नाही, असा कडक फॉर्म करायचा मोह आपल्याला होतो. क्लायंटही तेच मागतात. मला तो धोक्याचा वाटतो. संध्याकाळी सहा वाजता फॉर्म सेव्ह होत नसेल, तर ऑपरेटर काय करेल? उरलेला आकडा शेवटच्या नावावर ढकलेल आणि घरी जाईल. काकूचे ६३ आर चौथ्या खातेदाराला मिळाले असते, ०.८१ चे १.४४ झाले असते, बेरीज बरोब्बर ३.२४. अशी चूक मग कुठल्याच यादीत येत नाही. त्यापेक्षा चुकीचं आहे तसं सेव्ह होऊ द्या, फरक लाल अक्षरात दाखवा, आणि यादीत टाका.

तरीही १.४४ सारखी जोडीची चूक मशीनला कधीच सापडणार नाही. ती सापडते चावडी वाचनात. २०१७ साली गावोगाव ते झालं. चावडीवर नावं आणि क्षेत्रं मोठ्याने वाचायची, आणि ऐकणाऱ्याने म्हणायचं, थांबा, हे माझं नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला भारी नाव देता येईल, पण राहू दे.

काकू चावडी वाचनाला गेली नव्हती, तेव्हा ती माहेरी होती. मग अर्ज केला. सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची झेरॉक्स आणि वाटणीच्या फेरफाराची नक्कल जोडली. हे दोन कागद काकांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते म्हणून बरं. लेखनप्रमादाची दुरुस्ती महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली होते, तहसीलदारांच्या आदेशाने. कार्यालयाचं नाव घेत नाही. तीन वेळा सुट्टी काढून पुण्याहून गेलो एवढंच सांगतो. त्या वर्षीचं कर्ज अठरा आरवरच मिळालं. बाकी बियाणं आणि खत काकूने दुकानातून उधारीवर उचललं, आणि सोयाबीन निघाल्यावर दुकानदाराच्या दराने फेडलं. त्या व्याजाची आडवी बेरीज मी केली होती, इथे लिहीत नाही.

पुढच्या जूनमध्ये काकूचा पुन्हा फोन आला. सातबारा हातात होता आणि शेजारचा पोरगा वाचून दाखवत होता. तिच्या नावासमोर ०.८१ आलं होतं, चारही नावं जुळत होती. मी म्हटलं, चला, सुटलो.

"समदं बराबर हाय म्हणतोय ह्यो," काकू म्हणाली. "पण ती पोटखराबाची जागा हाय ना, तिथं नुस्ती रेघ हाय बग. तिथं नंतर कुणी काही लिहिन का रे?"

मी म्हटलं, काकू, तिथे शून्य लिहून घ्यायला पाहिजे होतं.