बहात्तर पायऱ्या आणि न हलणारा कॅमेरा

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक भलंमोठं कलासंग्रहालय आहे. पिवळसर दगडाची, ग्रीक देवळासारख्या खांबांची ही इमारत १९२८ मध्ये खुली झाली. आत आपल्या मदुराईहून नेलेला कोरीव दगडी मंडपसुद्धा आहे बरं का! पण गंमत अशी, की पुष्कळ पाहुणे आत जाण्याआधी बाहेरच्या ७२ पायऱ्या धावत चढतात, वर पोचून दोन्ही हात उंचावतात आणि समोर दूरवर दिसणाऱ्या सिटी हॉलच्या मनोऱ्याकडे बघत धापा टाकतात.

याला कारण १९७६ चा ‘रॉकी’ हा चित्रपट. त्यातला गरीब मुष्टियोद्धा सराव करताना या पायऱ्या चढतो आणि वर जाऊन असेच हात उंचावतो. पण त्याच्याही आधी कॅमेऱ्यासमोर इथे एक तरुणी धावली होती, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

गॅरेट ब्राऊन हा याच शहरातला छायाचित्रणकार. त्या काळी धावत्या माणसामागे कॅमेरा न्यायचा, तर जमिनीवर रूळ टाकून त्यावरून गाडी ढकलावी लागे. पायऱ्यांवर रूळ टाकणार कसे? कॅमेरा खांद्यावर घेऊन पळावं, तर प्रत्येक पावलाला चित्र हिसके खातं. ब्राऊननं खटपट करून एक उपकरण बनवलं. ते अंगावर चढवून तो या पायऱ्यांवर आपल्या मैत्रिणीच्या मागे धावला. चित्र आलं ते पाण्यावरून होडी जावी तसं! ती फिल्म दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांनी पाहिली आणि उपकरणाबरोबर पायऱ्याही ‘रॉकी’त आल्या. त्या उपकरणाचं नाव स्टेडीकॅम. १९७८ मध्ये त्याला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

यातली युक्ती आपल्या डोंबाऱ्याला केव्हाची माहीत आहे. दोरीवर चालताना तो हातात लांब काठी आडवी धरतो. वजन दूरवर पसरलं, की पटकन कलंडत नाही. स्टेडीकॅममध्ये दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी आणि छोटा पडदा असतो. धरायची जागा मधल्या तोलाच्या बिंदूच्या किंचित वर, आणि तिथे चहूकडे फिरणारा सांधा. त्यामुळे हात हलला, तरी कॅमेरा कलत नाही. पावलांचे धक्के स्प्रिंगचा हात गिळून टाकतो.

हातात धरायच्या छोट्या स्टेडीकॅमचा तोल कसा तपासायचा? दांडा आडवा करून सोडायचा. तो सावकाश, दोन-तीन सेकंदांत उभा झाला, तर छान. झटकन उभा झाला, तर खाली वजन जास्त झालं. मग चालताना तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलणार. आणि दांड्याला बोटं नुसती टेकवायची. घट्ट आवळलात, की हाताची सगळी थरथर कॅमेऱ्यात गेलीच म्हणून समजा!

आता मोबाईलसाठी मोटारवाले गिंबल मिळतात. ते कॅमेऱ्याचा कल आणि वळणं सावरतात. पण पाऊल टाकताना आपलं सगळं अंगच वर-खाली होतं, ते त्यांना पुरतं थांबवता येत नाही. तिथे पायच शिकायला हवेत!

त्याची शाळा अगदी स्वस्त आहे: लिंबू आणि चमचा. चमचा तोंडात न धरता हातात धरा. गुडघे किंचित वाकवा, आधी टाच, मग हळूहळू चवडा टेका. लिंबू न पडता अंगण पार झालं, की मोबाईल घ्या आणि चालत्या आजोबांमागून चित्रण करा. मग जिन्याकडे वळा. मात्र कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं, आणि पायऱ्यांवर उलटं चालायचं नाही.

पहिल्या दिवशी चित्र डुगडुगेल. आठ दिवसांनी त्याच जिन्यावर पुन्हा चित्रण करा आणि दोन्ही फिती शेजारी ठेवून बघा. आपली पावलं किती सुधारली, ते आपल्याच डोळ्यांना दिसेल!