उघडून मोज

“एक... दोन... तीन...” सिस्टर मोठ्यानं मोजतात आणि फ्लोअरवरची मुलगी प्रत्येक आकड्यामागून तोच आकडा म्हणते. रक्त टिपायच्या पाच मॉपचा एक गठ्ठा, असे दोन गठ्ठे. भिंतीवरच्या फळ्यावर ‘१०’ लिहिलं जातं. मग सुया, मग आर्टरी, म्हणजे रक्तवाहिन्या धरायचे चिमटे. सिझरची बाई टेबलावर आहे, डॉक्टर वॉश घेऊन हात वर धरून उभे आहेत. तरीही मोजणी पुरी झाल्याशिवाय त्यांना ब्लेड मिळत नाही.

पालममधल्या या छोट्या ऑपरेशन थिएटरात, ओटीत, हा क्रम कधी मोडत नाही.

परभणी जिल्ह्यातला हा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. सिस्टरांचं लहानपण वेचणीच्या दिवसांत आईच्या ओटीला बिलगून गेलं. मॉपही कापसाचाच. कोरडा असतो तेव्हा पांढरा, फुगीर, लांबून दिसणारा. रक्तात भिजला की आकसतो, आतल्या मांसाचाच रंग घेतो आणि डोळ्यांसमोर असून दिसेनासा होतो. म्हणून त्याच्या कोपऱ्याला नाडी शिवलेली असते. नाडीला आर्टरी लावून ती पोटाबाहेर लोंबती ठेवायची. घाईत नेमकं तेच राहतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या गावी, सिस्टरांच्या मोजणीत एक मॉप कमी आला. रात्रीचे दोन वाजलेले, रक्तस्राव नुकताच आटोक्यात आलेला. डॉक्टर टाके घ्यायला लागले होते. “बादलीत असेल,” ते म्हणाले. बादलीत नव्हता. सिस्टर अर्धं मिनिट गप्प राहिल्या. ते अर्धं मिनिट त्यांना आजही टोचतं. मग घशातून कसाबसा आवाज निघाला, “सर, एक कमी आहे. थांबा.” मॉप गर्भाशयाच्या मागे सापडला.

ते अर्धं मिनिट लांबलं असतं तर काय झालं असतं, हे मराठवाड्याला माहीत आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ ताप आणि पोटात असह्य कळा. पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत मॉप निघाला, भोवती पू. २४ जुलैला ती गेली. नवऱ्यानं दावा लावला. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९९६ मध्ये. पोटात मॉप राहिला, हाच निष्काळजीपणाचा पुरेसा पुरावा, असं न्यायालयानं मानलं. ओटीत काम करणाऱ्या प्रत्येक मुलीला ही हकीकत पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी, असं सिस्टरांना मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. साधनं, मॉप, सुया मोजून झाल्या, हे नर्सनं तोंडानं सांगायचं, असं त्या यादीत आहे. आणखी एक मुद्दा वरवर किरकोळ दिसतो: कापण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. सिस्टरांना तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. एकदा स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं की पुढं “थांबा” म्हणायला जीभ अडखळत नाही.

बाकीचं काम हाताचं. नीडल होल्डरमध्ये सुई टोकापासून दोन तृतीयांशावर पकडायची आणि मूठ डॉक्टरांच्या तळव्यात अशी ठेवायची, की त्यांना नजर उचलावी लागू नये. ब्लेड मात्र हातोहात द्यायचं नाही, किडनी ट्रेमधून द्यायचं. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये कपड्यांचा ड्रम लावताना त्याची बाजूची भोकं उघडी ठेवायची, बाहेर काढल्याबरोबर बंद करायची. भोकं बंद ठेवून लावलेल्या ड्रममध्ये वाफ शिरतच नाही. यंत्र १२१ अंश दाखवतं आणि कपडा नुसता गरम होतो. ड्रम ओला निघाला तर तोही बाद. लाइट गेल्यानं अर्ध्यावर थांबलेला ड्रम पुन्हा पहिल्यापासून लावायचा, बाहेर कितीही खोळंबा होवो.

आणि कमरेत भुलीचं इंजेक्शन देताना बाईला धरणं! त्या वेळी सिस्टर पुढ्यात उभ्या राहतात, तिचं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवून घेतात. “हनुवटी छातीला लाव माय, पाठ मांजरीवानी कर. हलू नको, मी हाय ना.” भेदरलेली बाई त्या बोलीनं सैल पडते. मणक्यांमधली जागा मोकळी होते आणि सुई एका झटक्यात बसते.

आजचं सिझर दीड तासात आटपलं. मुलगी झाली, रडलीही खणखणीत. गर्भाशय शिवण्याआधीची मोजणी बरोबर आली होती. आता कातडीच्या टाक्यांआधीची. फ्लोअरवरची नवी मुलगी बादलीशी वाकून चिमट्यानं लाल बोळे बाजूला करत मोजते. “सात, आठ... मॅडम, नऊच होतायत.”

डॉक्टर हात थांबवतात. कुणी काही बोलत नाही.

“घाबरू नको,” सिस्टर म्हणतात. “बोळा मोजू नको. एकेक उघडून मोज, नाडी दाखव मला.”

ती खाली प्लास्टिक अंथरते आणि एकेक मॉप उलगडून पाच-पाचच्या ओळीत मांडते. सहावा उलगडताना त्याच्या पोटातून दुसरी नाडी बाहेर येते.

“सहा,” ती म्हणते, “सात.”

“सहा, सात,” सिस्टर म्हणतात. “पुढं.”