घाऊक भरणी आणि बाजूला पडलेल्या ओळी

सरकारी विलंबाचे खापर आपण सहसा माणसाच्या आळसावर फोडतो. पुष्कळदा आळस नसतोच. कामाची मांडणी चुकलेली असते.

एका योजनेच्या लाभार्थ्यांची यादी राज्यांकडून दरमहा येई, आणि ती डेटाबेसमध्ये भरायला रात्र पुरत नसे. भरणी पूर्ण होईपर्यंत पैसे सुटत नसत. नवे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव माझ्यापुढे आला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मी आधी एका ओळीचा खर्च विचारला. प्रत्येक ओळ स्वतंत्र व्यवहार म्हणून नोंदली जात होती, आणि व्यवहार पक्का करताना त्याची नोंद डिस्कवर उतरेपर्यंत डेटाबेस थांबतो. हा थांबा समजा ५ मिलिसेकंदांचा धरला, तर २० लाख ओळींसाठी नुसते थांबण्यातच सुमारे पावणेतीन तास जातात. एकेका पत्रासाठी शिपायाने आवक विभागात स्वतंत्र खेप करावी, तसाच हा प्रकार. स्थिर खर्च हजारांत वाटला की नगण्य होतो. आम्ही हजार ओळींचा एक व्यवहार केला. पुढे पोस्टग्रेसक्यूएलमधील ‘कॉपी’ ही घाऊक भरणीची आज्ञा वापरली. यंत्र जुनेच राहिले, काम मात्र मिनिटांवर आले.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. घाऊक आज्ञेत एक ओळ सदोष निघाली, तरी सारी भरणी रद्द होऊ शकते. मोठ्या भरणीपूर्वी इंडेक्स काढून नंतर एकदम बांधावेत, हा सल्ला रास्तच. पण युनिक आणि फॉरेन कीच्या अटीही कायमच्या काढाव्यात, असा आग्रह होऊ लागला. त्या अटी गेल्या, तर एकाच खात्यात दोनदा पैसे जातील, आणि अस्तित्वात नसलेल्या गावाचाही लाभार्थी तयार होईल. म्हणून यादी आधी बिनअटींच्या तात्पुरत्या तक्त्यात उतरवून तेथे तपासायची, निर्दोष ओळीच मुख्य तक्त्यात न्यायच्या आणि उरलेल्या कारणासह वेगळ्या ठेवायच्या, असे ठरले.

वाचकहो, या उरलेल्या ओळींत मला आपली माणसे भेटली. ‘ज्ञ’चा उच्चार आपण ‘द्न्य’ असा करतो, हिंदीत तो ‘ग्य’ होतो. रोमन लिपीत एकच ज्ञानेश्वर यादीत एक आणि बँकेत दुसरा ठरतो. अशा ओळी कोणी, किती दिवसांत तपासायच्या, याचा आदेश मी त्याच धारिकेवर लिहिला. वेग संगणकाने दिला; ही मुदत मात्र आम्हालाच घालावी लागली.