वाढत्या अंगाचे

आमच्या लहानपणी कपडे अंगाच्या मापाचे शिवण्याची रीत नव्हती. ते वाढत्या अंगाचे शिवले जात. जूनच्या आरंभी वडील मला सोलापुरातील आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे नेत. शिंपी गळ्यातला टेप काढून माप घेई आणि मग माझ्याकडे न पाहता वडिलांकडे पाही. ‘दोन बोटे जास्त धरा,’ एवढेच ते म्हणत. ती दोन बोटे खाकी चड्डीच्या काठाशी दुमडून राहत. वर्षा-दोन वर्षांनी घडी उसवली जाई, तेव्हा बाकीचे कापड धुऊन फिके पडलेले असे आणि खाली एक गडद पट्टा उमटे. निम्म्या वर्गाच्या चड्ड्यांना तो पट्टा असल्यामुळे त्याची लाज कोणाला वाटत नसे.

आज मी दिल्लीत एका सरकारी कचेरीत कारकुनी करतो. पण ती दोन बोटे काही मनातून गेलेली नाहीत, आणि त्यांचा भुर्दंड माझ्या भाच्याला भरावा लागला.

भाचा व्हँकूव्हरला शिकतो. हिवाळ्यात मित्रांबरोबर तो ब्लॅककोंबच्या डोंगरावर स्कीइंगला जातो. तिथे नुसते उतारावरून घसरणे आता त्याला पुरेनासे झाले होते. डोंगरावर एक निराळे आवार राखलेले असते. त्याला पार्क म्हणतात. त्यात उड्या मारण्यासाठी बर्फाचे उंचवटे रचतात, घसरत जाण्यासाठी लोखंडी कठडे बसवतात. सदऱ्यांप्रमाणे ह्या उंचवट्यांनाही लहान, मध्यम, मोठा अशी मापे असतात, हे ऐकून मला मोठी मौज वाटली होती. भाचा अर्थातच लहानांवर होता. स्वतःची स्की घ्यायची तर दुकानात १६४, १७२ आणि १८० सेंटिमीटर अशा तीन लांबींच्या जोड्या होत्या. त्याची उंची १७२, वजन साठ किलो. दुकानदार १६४ ची घे म्हणत होता.

‘मामा, तुला काय वाटतं?’ त्याने फोनवर विचारले. निम्मे पैसे मी देणार होतो, म्हणून विचारले असावे. मी रजा प्रवास सवलतीवर गुलमर्गला गेलो असताना भाड्याच्या स्कीवर अर्धा तास उभा राहिलो होतो; तेवढ्या भांडवलावर मी म्हणालो, ‘अरे, उद्या शिकलास की आखूड वाटेल. मोठीच घे.’ त्याने १८० ची घेतली.

तिसऱ्या आठवड्यात, हवेत अर्धी गिरकी घेऊन पाठमोरे उतरताना स्कीचे टोक बर्फात रुतले आणि उजवे मनगट मोडले. ताईला त्याने कळू दिले नाही. मला सांगितले, पण दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

मग एखादी फाइल तपासावी तसा मी तो विषय तपासला. पूर्वी हात वर करून मनगटापर्यंत पोचेल ती स्की आपली, असे माप होते. दोन मीटरची स्की सर्रास वापरत. १९९० नंतरच्या दशकात कमरेत बारीक असलेल्या स्की आल्या. त्या सहज वळत, म्हणून लांबी उतरली. १९९८ मध्ये सॅलोमन कंपनीची ‘टेन-एटी’ निघाली. माइक डग्लस आणि त्याच्या कॅनेडियन सोबत्यांनी ती घडवण्यात हात दिला होता. तिची दोन्ही टोके वर वळलेली, म्हणजे पाठमोरेही उतरता यावे. नाव तीन पूर्ण गिरक्यांच्या अंशांवरून. पार्कातल्या स्कीचा घाट पुढे तोच झाला. टोके वळलेली असल्याने बर्फाला टेकणारा भाग कमी असतो, म्हणून तेवढ्याच लांबीची साधी स्की हिच्यापेक्षा लांब वाटते. पण बूट जवळजवळ मध्यावर बसवलेला असल्यामुळे पाठीमागेही बरीच लांबी उरते. रुतले ते हेच मागचे टोक.

गिरकीचे गणित तर शाळेतलेच आहे. जळमटे काढायची लांब काठी मधोमध धरून फिरवून पाहावी आणि मग केरसुणी फिरवावी. लांबी दहा टक्क्यांनी वाढली, तर फिरवायला लागणारा जोर ढोबळ हिशेबाने एकतृतीयांशाने वाढतो. १६४ आणि १८० यांत फरक तेवढाच आहे. मात्र आखूडपणालाही सीमा आहे. हनुवटीच्याही खाली गेलेली स्की उडी मारून उतरताना पुरेसा आधार देत नाही, माणूस मागे कलंडतो. शिकाऊ माणसाने हनुवटी ते कपाळ ह्या दरम्यानची घ्यावी. अंगाने भारी असेल, किंवा पार्काबाहेरही डोंगरभर हिंडणार असेल, तर वरच्या बाजूची. भाच्याला १६४ ची स्की भुवयांपर्यंत येत होती. १८० ची डोक्याच्या वर आठ सेंटिमीटर जात होती. मी हाताने मोजून पाहिले: चार बोटे. वडिलांच्या दुप्पट.

गेल्या नोव्हेंबरात त्याने ती जोडी एका उंच सहाध्यायाला विकली आणि १६४ ची घेतली. ह्या वेळी सगळे पैसे मी पाठवले. नव्या स्कीशेजारी उभा राहून काढलेला फोटो त्याने आम्हा दोघांना धाडला. रात्री ताईचा सोलापूरहून फोन आला. मनगटाचे तिला अजूनही ठाऊक नाही.

‘छान आहे रे,’ ती म्हणाली, ‘पण थोडी मोठी घेतली असती तर पुढेही पुरली असती.’