शहीद द्वीपावरील साधी वसती

अंदमानच्या शेकडो बेटांपैकी मोजक्याच बेटांवर मनुष्यवस्ती आहे, आणि त्यांतले एक लहानसे बेट म्हणजे शहीद द्वीप. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून बोटीने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते. 1857 च्या उठावातील इंग्रज सेनाधिकारी नील याच्या नावाने ओळखले जाणारे हे बेट 2018 च्या अखेरीस शहीद द्वीप झाले. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी 1943 मध्ये अंदमानला ‘शहीद’ हे नाव दिले होते, त्याचे हे स्मरण. बेट इतके आटोपशीर की सायकलवरून एका दिवसात सारे पाहून होते.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेली कुटुंबे येथे वसविली गेली. आपल्या गावांना त्यांनी रामकथेतील नावे दिली : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. जंगल साफ करून त्यांनी भात, भाजीपाला, केळी आणि सुपारी पिकविली. आजही शेजारच्या बेटांना भाजी पुरविणारे बेट म्हणून शहीद द्वीपाची ओळख आहे.

मोठ्या हॉटेलांऐवजी पाठीवर एक पिशवी घेऊन फिरणाऱ्या तरुणांसाठी येथे साधी हॉस्टेले उभी राहिली आहेत. बांबू आणि पत्र्याची खोली, एकावर एक पलंग, प्रत्येकाला एक मच्छरदाणी, सामायिक न्हाणीघर आणि अंगणात एक लांब बाक. वीज अधूनमधून जाते. गोड्या पाण्याचा मोठा आधार पाऊस असल्याने पाणी बेताने वापरावे लागते. तीर्थक्षेत्रीच्या जुन्या धर्मशाळेत ज्यांनी बालपणी मुक्काम केला आहे, त्यांना ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की धर्मशाळेत सर्वांचा आचार एक असतो. येथे शेजारच्या पलंगावर कोणत्या देशाचा, कोणत्या आहाराचा मनुष्य असेल हे सांगता येत नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली आता अशा ठिकाणी जाऊ लागली आहेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : तेथे नियम कसा पाळला जाणार? घरी नियम एकट्याचा नसतो. आई वेळेवर ताट वाढते, आजी सूर्याकडे पाहून आठवण करून देते. बेटावर मात्र आठवण करून देणारे कोणी नसते, आणि नियम मोडला तर पाहणारेही कोणी नसते.

पहिली परीक्षा सूर्य घेतो. अंदमान भारताच्या पूर्व टोकाला असूनही घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच चालते. त्यामुळे डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर शहीद द्वीपावर पाचच्या आसपासच अंधारू लागते. चौविहार करणाऱ्याने साडेचारपर्यंत जेवून पाणी आटोपलेले बरे. हॉस्टेलचे सामायिक जेवण मात्र रात्री आठला असते. या अडचणीचीच दुसरी बाजू सकाळी दिसते. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्यानंतर 48 मिनिटांनी, म्हणजे सव्वासहा-साडेसहालाच नवकारशी येते. मुंबईत त्या दिवसांत त्यासाठी जवळजवळ आठ वाजतात. घड्याळ बाजूला ठेवून जो सूर्याप्रमाणे दिवस आखतो, त्याला येथे काहीच अवघड जात नाही.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघराची. बेटावरचे रोजचे अन्न भात आणि मासळी. तथापि, बंगाली घरांत ‘निरामिष’ स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. पूजेच्या दिवशी आणि व्रतस्थ स्त्रियांसाठी केल्या जाणाऱ्या या स्वयंपाकात मासळीबरोबरच कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हा एक शब्द ठाऊक असला की निम्मे काम होते. अंदमानात हिंदी सर्वत्र चालते. ‘दादा, निरामिष बनाइए, आलू भी नहीं, और साढ़े चार बजे तक दे दीजिए,’ एवढे नम्रपणे सांगितले, तर मूगडाळ, भात, दुधी, कच्च्या केळ्याची भाजी मिळू शकते. तेच तेल किंवा तोच तवा मासळीला वापरलेला नाही ना, हे मात्र संकोच न करता विचारावे; शक्य तर लहान पातेले आणि पाणी गाळण्याचे वस्त्र सोबतच न्यावे. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, म्हणून दोन दिवस पुरेल इतका खाखरा आणि भाजलेले चणे जवळ असावेत.

तिसरी परीक्षा किनाऱ्यावर आहे, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. ओहोटीला तेथपर्यंत चालत जाता येते, आणि वाटेतील डबक्यांतून लहान मासे, खेकडे, समुद्रकाकड्या व जिवंत प्रवाळ दिसतात. पर्यटक छायाचित्रासाठी त्यांवरून बेधडक चालतात. पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहावी असे सांगणारी ईर्यासमिती ज्या घरात शिकविली जाते, त्या घरच्या मुलाला येथे वेगळ्या सूचनाफलकाची गरज पडू नये. आपल्या जीवविचारात शंख आणि कवडी यांची गणना द्वींद्रिय जीवांत, तर प्रवाळाची पृथ्वीकायात केली आहे. आजचे विज्ञान प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरण भिन्न असले, तरी तेथे जीव आहे याविषयी दोघांचे एकमत आहे. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालणे हा गुन्हाही आहे.

रिकामा शंख तरी का उचलू नये, असे कोणी विचारील. संध्याकाळी वाळूवर पाहावे : शंखात राहणारे लहान खेकडे शेकड्यांनी चालताना दिसतात. त्यांना स्वतःचे कवच नसते. टाकून दिलेला शंख हेच त्यांचे घर. शरीर वाढले की तेवढाच मोठा शंख शोधायचा आणि जुना दुसऱ्यासाठी सोडून द्यायचा. आपण शोभेसाठी कपाटात ठेवलेला शंख म्हणजे कोणाचे तरी न मिळालेले घर होय.

सूर्यास्तानंतर बेटावर लवकर सामसूम होते. कोणी गप्पा मारतो, कोणी गिटार वाजवितो. त्याच वेळी अंगणाच्या एका कडेला कटासन अंथरून 48 मिनिटांचे सामायिक करता येते; कोणी हसत नाही. कुतूहलाने विचारणारे मात्र भेटतात, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी आपल्यालाच आपला आचार नीट समजून घ्यावा लागतो.

वडीलधाऱ्यांनी मुलांना अशा प्रवासाला पाठवावे की नाही, हा निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. पण पाठवायचे ठरले, तर काळजीबरोबर विश्वासही पाठवावा. चार जोड कपडे, एक पलंग आणि पिशवीभर सामान एवढ्यात आठवडा सुखाने जातो, हा परिग्रह-परिमाणाचा धडा दुकानाच्या गादीवर बसून मिळणे कठीण. आणि कोणी पाहत नसताना साडेचारला उचललेले ताट हे त्या मुलाचे स्वतःचे पहिले व्रत असते. तोवरचे व्रत घराचे होते.